सोसायटीत रेनवॉटर हार्वेस्टिंग आणि मिळकत करातली सूट: पुण्यातल्या नवीन कमिटीवाल्यांसाठी

कमिटीत नवीन आलात की पहिल्याच मीटिंगला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "टँकरचं बिल बघा किती झालंय", आणि दुसरं, "अहो ते रेनवॉटर केलं की टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे, मग आपल्याला का नाही?" रेनवॉटर म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं किंवा जमिनीत मुरवायचं. हे दुसरं वाक्य बोलणारे काका स्वतः कधी क्षेत्रीय कार्यालयाची पायरी चढणार नसतात, ते काम सेक्रेटरीच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे मी सेक्रेटरी असताना हे सगळं झालं, गच्चीपासून अर्जाच्या पोहोचेपर्यंत, आणि तेव्हा जे मला कोणी धड सांगितलं नाही ते इथे लिहितोय.

हे पुणे महापालिकेच्या हद्दीसाठी आहे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, तिथल्या सवलती वेगळ्या, तिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणीच दिवसाआड येतंय त्यामुळे तिकडच्या सोसायट्यांना हे बहुतेक आपल्यापेक्षा जास्त माहिती असेल. बांधकामाचे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच लागतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. नुसती टॅक्समधली सूट मिळावी म्हणून हे करायला जाल तर काम कागदापुरतं होतं आणि दोन पावसाळ्यांत बंद पडतं. बोअर आणि टँकर डोक्यात ठेवून करा, सूट मागून येते. ती कशी ते खाली हिशोबात दिसेलच.

१. नियम काय म्हणतो ते दोन मिनिटांत

२०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार (सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात) गावठाण सोडून ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकाम, पुनर्बांधकाम किंवा वाढीव बांधकाम असेल तर रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. आणि नुसतं बांधून भागत नाही, ते चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. नसेल किंवा बंद असेल तर दर १०० चौ.मी. बांधकामाला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. म्हणजे ४,००० चौ.मी. बांधकाम असलेल्या सोसायटीला वर्षाला ४०,००० पर्यंत. हा आकार प्रत्यक्षात किती जणांना लागतो हा वेगळा विषय, पण मीटिंगमध्ये विरोध करणाऱ्यांसमोर हा आकडा ठेवला की आवाज जरा खाली येतो.

सवलतीची बाजू अशी: सौर ऊर्जा, गांडूळखत आणि रेनवॉटर हार्वेस्टिंग या तीनपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. १० च्या वर नाही, तिन्ही केले तरी १०च. आणि बिलातले शासनाचे कर, म्हणजे शिक्षण कर वगैरे, वगळून उरलेल्या रकमेवर.

इथे लोक तीन वेगवेगळ्या सवलतींची खिचडी करतात. राहत्या घराची ४० टक्क्यांची सवलत वेगळी, तिला पीटी-३ फॉर्म लागतो आणि ती ज्याची त्याने घ्यायची. वर्षाच्या सुरुवातीला मुदतीत बिल भरल्याची ५ किंवा १० टक्के सूट वेगळी, ती साधारण मेअखेरपर्यंत असते, कधी मुदत पुढे ढकलतात. आणि आपली ही पर्यावरणवाली तिसरी. "मला तर आधीच सूट मिळते" असं कोणी म्हणालं की बिल मागवा आणि कुठली मिळते ते बघा, बहुतेक वेळा ती मेवाली असते.

२. आधी शोधा, कदाचित तुमच्याकडे आहेच

बिल्डिंग गेल्या दहा-पंधरा वर्षांतली असेल तर बिल्डरने पूर्णत्वाचा दाखला घेताना कागदावर रेनवॉटर दाखवलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे. मंजूर नकाशा काढा, त्यात रिचार्ज पिट (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) किंवा बोअरची खूण असते. मग गच्चीवरून खाली येणारे पाइप एकेक करून फॉलो करा. वॉचमन आणि जुना प्लंबर यांना बरोबर घ्या, नकाशापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असते.

आमचा खड्डा पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली सापडला. झाकण उचललं तर आत सिमेंटच्या गोण्या, फरशीचे तुकडे, आणि गच्चीचा पाइप खड्ड्याच्या अलीकडे वीतभर थांबलेला. म्हणजे पाइप होता, खड्डा होता, जोडणी नव्हती. असं बरंच ठिकाणी असतं, आणि असं असेल तर चांगलंच आहे, खोदाईचा खर्च वाचतो, नुसती साफसफाई, जोडणी आणि फिल्टर एवढ्यावर भागतं. सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) अजून व्हायचं असेल आणि बिल्डर संपर्कात असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यायचा प्रयत्न आधी करा, लेखी पत्र देऊन.

३. पाणी किती मिळेल याचा हिशोब

गुणाकार सोपा आहे. गच्चीचं क्षेत्रफळ चौ.मी. मध्ये, गुणिले वर्षाचा पाऊस मीटरमध्ये, गुणिले ०.८ (थोडं उडतं, मुरतं, पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं). पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिमीच्या वर पाऊस धरायला हरकत नाही, पश्चिमेला बावधन-सूसकडे जास्त, पूर्वेला वाघोलीकडे कमी.

समजा गच्ची ६०० चौ.मी. ६०० गुणिले ०.७ गुणिले ०.८ म्हणजे ३३६ घनमीटर, म्हणजेच ३ लाख ३६ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ३३ टँकर. हा आकडा नोटीस बोर्डावर लावा, लोक थांबून वाचतात.

पण मेख इथेच आहे. हे सगळं पाणी जून ते सप्टेंबर मध्ये येतं, आणि ते पण धो धो. एका संध्याकाळी ५० मिमी पाऊस झाला तर याच गच्चीवरून २४,००० लिटर खाली येणार. दहा हजारची टाकी तासाभरात भरून वाहायला लागेल आणि मग पुढचे तीन महिने ती भरलेलीच. टँकर मात्र तुम्हाला एप्रिल-मेमध्ये लागतो. त्यामुळे "मोठी टाकी बांधू, वर्षभर वापरू" हे ऐकायला छान असलं तरी फ्लॅटच्या सोसायटीत जमत नाही. साठवण थोडी, मुरवणं जास्त, हे प्रमाण ठेवा.

सवलतीचा हिशोब पण करून टाका. एखाद्या फ्लॅटचा सवलत-लागू कर १२,००० असेल तर ५ टक्क्यांनी ६०० रुपये, १० टक्क्यांनी १,२०० रुपये वर्षाला. ४० फ्लॅट असतील तर सगळ्यांचे मिळून २४,००० किंवा ४८,०००. एका घराला ही रक्कम किरकोळ वाटते, आणि ती सोसायटीच्या खात्यात येत नाही, ज्याच्या त्याच्या बिलात कमी होते, खर्च मात्र सोसायटीच्या फंडातून. हा मुद्दा तुम्ही आधी मांडा, नाहीतर ऐन सभेत खजिनदार मांडेल.

४. गच्ची आणि पाइप: सगळी गंमत इथेच आहे

खड्ड्याकडे सगळे बघतात, गच्चीकडे कोणी नाही. गच्चीवर कबुतरांची विष्ठा, जुनी कुंड्यांची माती, कोणाचं तरी मोडकं कपाट, सोलरच्या पाइपाखाली साचलेला क्षार. हे सगळं पहिल्या पावसात खाली येणार. म्हणून पाइपाला फर्स्ट फ्लशची सोय पाहिजे, म्हणजे पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी व्हॉल्व्ह उघडून सरळ गटारात सोडायचं आणि मग व्हॉल्व्ह बंद करून पाणी फिल्टरकडे वळवायचं. नियमावलीत पण हे लिहिलेलं आहे. पाइपाच्या तोंडांना जाळी पाहिजे, डासांसाठी पण आणि पानांसाठी पण. आणि पाइप पुरेसे पाहिजेत, १०० चौ.मी. गच्चीला १०० मिमी व्यासाचे किमान दोन, नाहीतर मोठ्या पावसात गच्चीवर तळं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू "तुमच्या त्या रेनवॉटरमुळे माझं सिलिंग गळतंय" म्हणून येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. पुण्यात ड्राय बाल्कनीचं आणि टेरेसचं पाणी पावसाच्या पाइपात सोडलेलं असतं, आणि लोक तिथे वॉशिंग मशीन ठेवतात. म्हणजे ज्याला तुम्ही पावसाचा पाइप म्हणताय त्यातून रोज सकाळी साबणाचं पाणी येतंय आणि ते तुम्ही बोअरमध्ये सोडणार. तपासायची सोपी पद्धत: पाऊस नसलेल्या दिवशी, शक्यतो रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, प्रत्येक पाइपाच्या खालचं चेंबर उघडून बघा. कोरडं असेल तर ठीक. पांढरा फेस दिसला की त्या लाइनवर मशीन आहे. आमच्याकडे एका चेंबरमध्ये फेस तर होताच, वर एक मोजापण होता. त्या लाइनला हात लावू नका, किंवा त्या फ्लॅटवाल्यांना मशीनचं पाणी ड्रेनेजच्या लाइनला जोडून घ्यायला सांगा. भांडण होईल, तयारी ठेवा. जमलं नाही तर ती लाइन वगळून फक्त स्वच्छ लाइन घ्या, अर्धी गच्ची मिळाली तरी चालेल, पण साबण बोअरमध्ये नको.

एसीचं पाणी आलं तर हरकत नाही. गच्ची ॲसिडने धुण्याची सवय असेल तर ती आजपासून बंद.

५. पाणी सोडायचं कुठे

तीन पर्याय असतात, बऱ्याचदा तिन्हीचं मिश्रण करावं लागतं.

टाकी. आधीच एखादी जुनी अंडरग्राउंड टाकी पडून असेल तर वापरा. हे पाणी फ्लश, बाग, पार्किंग धुणं यासाठीच. पिण्याच्या टाकीला जोडायचं नाही, व्हॉल्व्ह लावून पण नाही, कारण व्हॉल्व्ह कोणीतरी कधीतरी उघडतोच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची (गुलेन बॅरी, दूषित पाण्याशी जोडला गेलेला मज्जातंतूंचा आजार) साथ आली तेव्हा पाण्याच्या टाक्यांकडे आपण सगळ्यांनी घाबरून बघितलं, ते लक्षात ठेवा. दोन्ही लाइन वेगळ्या रंगाने रंगवा.

बोअर रिचार्ज. हा बहुतेक सोसायट्यांचा मुख्य पर्याय. बोअरच्या भोवती साधारण एक मीटर रुंद आणि किमान तीन मीटर खोल खड्डा घेतात, खाली मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर वाळू, आणि त्यातून गाळलेलं पाणी आत जातं. काही जण खड्ड्याऐवजी पाइपावर बसणारा तयार फिल्टर लावतात. दोन्ही चालतं, फक्त गाळ आत जाता कामा नये. बोअरमध्ये गाळ गेला की आतल्या भेगा बुजतात आणि मग चालू बोअर पण हातचा जातो. म्हणून चालू बोअरमध्ये थेट पाइप सोडून देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला चहा पाजून परत पाठवा. कोरडा पडलेला जुना बोअर असेल तर आधी त्याचा विचार करा.

आणि फक्त गच्चीचंच पाणी. पार्किंगमधून, रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात ऑइल असतं, कुत्र्यांची घाण असते, ते बोअरला देऊ नका. ड्रेनेजचं चेंबर किंवा सेप्टिक टँक जवळ असेल तर ती जागापण सोडा.

शोषखड्डा. अंगणातलं, बागेतलं पाणी यासाठी ठीक. पण पुण्याच्या खाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. त्यात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही, जिथे भेगा आहेत किंवा वरचा खडक झिजून मुरूम झालाय तिथेच जातं. शेजारच्या सोसायटीत खड्डा दोन तासांत रिकामा होतो आणि तुमच्याकडे आठवडाभर पाणी तसंच उभं राहून डास होतात, हे अगदी शक्य आहे. म्हणून पक्कं काम करायच्या आधी एक छोटा खड्डा खणा, पाणी भरा, आणि किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. एक टँकरभर पाणी वाया गेलं तरी चालेल. मोठी सोसायटी असेल तर भूजल तज्ज्ञाला एकदा बोलवाच, त्याची फी चुकीच्या जागी खणलेल्या खड्ड्यापेक्षा कमी असते. खड्डा बिल्डिंगच्या पायाला चिकटून घेऊ नका, भिंतीत ओल येणार नाही अशी जागा पाहिजे, हे पण नियमातच आहे.

६. ठराव आणि कोटेशन

कमिटीने परस्पर खर्च करू नका, सभेत ठराव करून घ्या. वार्षिक सभेला १४ दिवसांची आणि विशेष सभेला ५ दिवसांची नोटीस लागते. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: खर्च कुठल्या फंडातून, काम कुठल्या कॉन्ट्रॅक्टरला किंवा निवड कोण करणार, आणि महापालिकेकडे अर्ज करायचा अधिकार कोणाला. हे तिसरं लोक विसरतात.

कोटेशन किमान तीन घ्या. आकड्यांत दुपटीचा फरक दिसेल, घाबरू नका, कारण एकाने फक्त फिल्टर धरलेला असतो आणि दुसऱ्याने सगळी पाइप लाइन. तुलना करता यावी म्हणून तुम्हीच एक पानाची यादी बनवून सगळ्यांना तीच द्या: किती पाइप जोडायचे, किती मीटर नवीन लाइन, खड्ड्याचं माप, फिल्टरचा प्रकार, पेव्हर ब्लॉक परत बसवून देणार का, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर येऊन फिल्टर साफ करून देणार का. "महापालिकेची सूट मिळवून देण्याची गॅरंटी" अशी ओळ कोटेशनमध्ये असेल तर जरा लांबच राहा. शेवटची २० टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, हे आधीच लेखी ठरवून.

काम कधी काढायचं? फेब्रुवारी-मार्च. मेमध्ये सगळे कॉन्ट्रॅक्टर बिझी असतात, आणि जूनमध्ये उघडा खड्डा आणि पाऊस ही जोडी पार्किंगची वाट लावते.

७. अर्जाची फाइल

कागद अधूनमधून बदलतात, म्हणून आधी क्षेत्रीय कार्यालयात किंवा मिळकतकर विभागात जाऊन आजच्या तारखेला काय लागतं ते विचारून या. पण पुढचा सेट तयार असेल तर परत फिरावं लागत नाही:

- सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, चेअरमन-सेक्रेटरीच्या सही शिक्क्यासह
- सोसायटीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
- सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत
- भोगवटा पत्र किंवा पूर्णत्वाचा दाखला, आणि मंजूर नकाशा
- सगळ्या फ्लॅटधारकांची यादी, प्रत्येकाचा मिळकत क्रमांक आणि चालू बिलाची प्रत
- कॉन्ट्रॅक्टरचं बिल, कामाचा साधा आराखडा
- फोटो: गच्ची, पाइप, फिल्टर, खड्डा उघडा असताना आणि बंद केल्यावर
- गांडूळखत किंवा सोलर पण दाखवणार असाल तर त्याचेही बिल आणि फोटो

यातलं सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे मिळकत क्रमांकाची यादी. प्रत्येक फ्लॅटचं बिल वेगळं असतं, त्यामुळे सूट पण प्रत्येक क्रमांकावर वेगळी चढवावी लागते. एक क्रमांक चुकला की त्या माणसाला सूट नाही, आणि तो माणूस नेमका कमिटीचा विरोधक असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांनी बिल पाठवा" टाकून काही होत नाही. एकेका विंगला एक जण नेमा, त्याने दारोदार जाऊन बिलाचा फोटो काढायचा. परदेशात राहणाऱ्या मालकांचे क्रमांक भाडेकरूंकडे बहुतेक नसतात, ते मेलवर आधीच मागवून ठेवा. कोणाच्या बिलावर अजून बिल्डरचं किंवा जुन्या मालकाचं नाव असेल तर तेही याच वेळी कळतं, त्याला नाव बदलून घ्यायला सांगा.

फोटोंबद्दल एक टीप. खड्डा बुजवायच्या आधीच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून आणि तारीख दिसेल असे. एकदा वर पेव्हर ब्लॉक बसले की आत काय आहे ते तुम्ही शपथेवर सांगितलं तरी कोणी मानणार नाही.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसह. तोंडी "ठेवून जा, बघतो" याला अर्थ नाही. पुढच्या सगळ्या पाठपुराव्यात तो आवक नंबरच तुमचा आधार.

८. तपासणीला माणूस येतो तेव्हा

प्रकल्प चालू आहे का ते बघायला महापालिकेकडून कोणी आलं तर वॉचमनला माहिती पाहिजे की कोणाला फोन करायचा. गच्चीची किल्ली, फिल्टरच्या झाकणाची किल्ली एका जागी ठेवा. झाकण उघडायला पहार शोधत बसलात तर बघणाऱ्याला पण कळतं की हे झाकण वर्षभर कोणी उघडलेलं नाही.

सोबत एक साधी वही ठेवा. त्यात गच्ची कधी झाडली, वाळू कधी धुतली, पहिलं पाणी कधी सोडून दिलं, एवढंच तारखेसह. याचा तपासणीला उपयोग होतो आणि पुढच्या कमिटीलाही. गांडूळखताचा पिट दाखवणार असाल तर त्यात खरंच गांडुळं पाहिजेत, आदल्या रात्री आणून टाकलेली लगेच ओळखू येतात. ज्या मोठ्या सोसायट्यांचा कचरा दिवसाला १०० किलोच्या वर जातो त्यांना ओला कचरा आवारात जिरवणं तसंही बंधनकारक आहे, मग तेच व्यवस्थित करून १० टक्क्यांमध्ये का बसू नये?

मंजुरी झाली की पुढचं बिल आल्यावर प्रत्येकाने आपापल्या बिलात सूट दिसते का ते बघायचं. मागच्या वर्षांची सूट मागून मिळेल या आशेवर राहू नका. आणि प्रकल्प बंद सापडला तर दिलेली सूट काढूनही घेतली जाते, मग चाळीस घरांची बिलं एकदम वाढतात आणि सगळे फोन तुम्हाला येतात.

९. दरवर्षीचं काम

मेच्या शेवटच्या आठवड्यात: गच्ची रिकामी करून झाडून घ्यायची, जाळ्या बघायच्या, फिल्टरची वरची वाळू खरवडून धुवायची किंवा बदलायची. जूनच्या पहिल्या पावसांत व्हॉल्व्ह उघडा, मग बंद. हा व्हॉल्व्ह कोण फिरवणार त्याचं नाव ठरवा, "कोणीतरी फिरवेल" म्हणजे कोणीच नाही. ऑगस्टमध्ये एकदा मधली साफसफाई, कारण तोपर्यंत वाळूवर शेवाळाचा थर बसतो आणि पाणी खाली जायच्या ऐवजी ओव्हरफ्लोमधून गटारात जात असतं, आणि वरून सगळं छान चाललंय असंच वाटतं.

टाकीत माणूस उतरवून साफ करायची असेल तर आधी दोन्ही झाकणं उघडून भरपूर वेळ हवा खेळू द्या, एकट्याला उतरू देऊ नका, वर दोरी धरून एक जण उभा पाहिजे. बंद टाकीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

फरक पडतोय की नाही हे बघायला एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, स्वस्तात मिळतो. मेमध्ये बोअरचं पाणी मोजा, ऑक्टोबरमध्ये परत मोजा, वहीत लिहा. बोअरची मोटर सलग किती वेळ चालल्यावर पाणी तुटतं तेही लिहा. आमच्याकडे पहिल्या वर्षी फार काही फरक दिसला नव्हता, दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर मार्चऐवजी एप्रिलअखेरपर्यंत खेचला. टँकर बंद झाले असं मी म्हणणार नाही, कमी झाले.

१०. जाता जाता बाकीचे नियम, कारण विचारतातच

महापालिकेच्या नळाच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदेशीर आहे, मोटर जप्त होते. लाइनचं पाणी आधी खालच्या टाकीत घ्यायचं आणि तिथून वर चढवायचं. उन्हाळ्यात कपात लागली की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणं, स्विमिंग पूल भरणं यावर बंदीचे आदेश निघतात, त्यामुळे गाड्या धुणाऱ्या पोरांना पाइपऐवजी बादली आणि बोअरचं पाणी, हे आत्ताच लावून द्या. सोसायटीत रिडेव्हलपमेंट किंवा मोठं बांधकाम निघालं तर त्यासाठी मैलापाणी प्रकल्पातलं शुद्ध केलेलं पाणी टँकरने मागवायचं, पिण्याचं वापरायचं नाही.

आणि रेनवॉटरच्या आधी गळती. वरच्या टाकीचा बॉल कॉक बिघडला की पाणी ओव्हरफ्लो होऊन गच्चीवरून पावसाच्या पाइपातून वाहून जातं, भर एप्रिलमध्ये. म्हणजे टँकरचं विकतचं पाणी. रात्री अकराला टाक्यांची पातळी बघा, सकाळी पाचला परत बघा, मधे कोणी वापरत नसताना पातळी उतरली तर कुठेतरी फ्लश गळतोय. जुना फ्लश एका वेळी नऊ-दहा लिटर ओततो, ड्युअल फ्लश तीन किंवा सहा. नळांना एरेटर (पाण्याची धार कमी करणारी तोंडावरची जाळी) लावायला प्लंबरला अर्धा दिवस पुरतो. आपल्याकडे घरगुती पाणीपट्टी मिळकत कराच्या बिलातूनच जात असल्यामुळे पाणी कमी वापरल्याचं बक्षीस बिलात दिसत नाही, ते टँकरच्या वहीत दिसतं.

२०१७ ला आणि २०२१ ला महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांमधल्या सोसायट्यांना अजून टँकरवरच दिवस काढावे लागतात, त्यांच्यासाठी तर क्रम सरळ आहे: आधी गळती, मग बोअर रिचार्ज, मग अर्ज.

रो हाऊस किंवा बंगला असेल तर वरचं सगळं तसंच, फक्त ठराव आणि यादीची भानगड नाही, अर्ज मालकाच्या नावाने. भाडेकरू असाल तर सूट मालकाच्या बिलात जाते, तुमच्या वाट्याला पाण्याचा फायदा.

कोणाला कोटेशनसाठी लागणाऱ्या त्या एक पानी यादीचा नमुना हवा असेल तर सांगा, टाईप केलेला आहे, देतो. फोन नंबर आणि कॉन्ट्रॅक्टरचं नाव मात्र मागू नका, ते मी देत नाही.